वाडगा रिकामा जायला नको

मुहय्यो आणि काळजी या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. घरातून निघाली की कोपऱ्यावरून परत फिरायची, गॅस बंद आहे का बघायला. तो बंदच असायचा. मग पुन्हा निघायची आणि वाटभर विचार करायची, की बघायला गेले तेव्हा आपल्याच हाताने चालू तर झाला नाही ना? नवरा रेल्वेत, आठवड्यातले निम्मे दिवस ताश्कंदच्या वाटेवर. त्यामुळे ही सगळी करमणूक सासूच्या वाट्याला यायची. "लोक सून आणतात, मी पहारेकरी आणला," सासू सालोमत शेजारणींना सांगायची. "झोपेतसुद्धा दाराची कडी चाचपते."

अशा बाईला नोकरी मिळाली तीही काळजी करण्याचीच. कोकंदमध्ये साबणाच्या जुन्या कारखान्यामागे एक इस्पितळ आहे, तिथे तिला औषधतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. आधी बरीच वर्षं ती औषधांच्या दुकानात उभी होती. मग हट्टाने पुढचं शिकून आली. आता गोळ्या विकायच्या नव्हत्या. खाटेखाटेपाशी जाऊन बघायचं होतं, की बरं व्हायला आलेल्या माणसाला औषधानेच इजा होत नाही ना. कुणाला एकमेकांशी भांडणारी दोन औषधं दिली जातात, कुणाचं मूत्रपिंड थकलेलं असताना तरण्या माणसाचा डोस जातो, कुणाची गोळी भलत्याच खाटेवर पोचते. हे सगळं ती टिपायची आणि त्यावरच तिचं संशोधन चाललं होतं. डॉक्टरांना ती नकोशी होती हे सांगायला नकोच. चूक दाखवणारी बाई कुणाला आवडते? "दुकानवाल्या बाई आल्या," असं ते आपसात म्हणायचे. तिला ते ऐकू यायचं, आणि संध्याकाळी घरी नानच्या कणकेला त्याचा मार बसायचा.

बायकांच्या हृदयविकार वॉर्डाचे प्रमुख होशिम रसुलोविच त्यातल्या त्यात बरे. आवाज मोठा, पोट मोठं, रागावले की कान लाल व्हायचे, पण समोरच्याचं ऐकून घ्यायचे. आणि कोडं पडलं होतं ते नेमकं त्यांच्याच वॉर्डात. तिथल्या बायकांचा रक्तदाब औषधाने उतरतच नव्हता. एक गोळी दिली, ढिम्म. दोन केल्या, ढिम्म. जोडीला ठोके आवरणारी दुसरी गोळी सुरू केली, तिचाही डोस वाढवला, तरी आकडा आपला डोंगरावर जाऊन बसलेला. "या बायका आहेत की उंट?" रसुलोविच वैतागून म्हणायचे आणि पुन्हा डोस वाढवायचे. दुसरं करणार काय?

मुहय्योने गोळ्या तपासून घेतल्या; खोट्या निघाल्या नाहीत. कपाटं पाहिली, ऊन नव्हतं, ओल नव्हती. नर्स गोळ्या चुकवतात का, यावर कितीतरी दिवस नजर ठेवली. त्या बिचाऱ्या ठरल्या वेळी ठरली गोळी प्रत्येकीच्या हातावर ठेवत होत्या. हातावर! तिथे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातावरची गोळी तोंडात जाते की नाही, हे कोण बघतं? ती स्वतः रोज खाटेपाशी बसून विचारायची, "गोळ्या घेता ना?" आणि सगळ्या माना डोलवायच्या, "घेतो की, पोरी." म्हाताऱ्या बायका, विसरत असतील, कडू लागते म्हणून थुंकत असतील, असं ती धरून चालली. आणि नियम सुचवला. नर्सने गोळी द्यायची, पाणी द्यायचं, समोर उभं राहायचं, बाईला तोंड उघडायला लावून आत बघायचं आणि मगच पुढच्या खाटेकडे वळायचं. त्या वेळात लक्ष विचलित व्हायला नको म्हणून फोन खणात, कुलपात.

नर्स गुलचेहरा तिला ओपा म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, पण त्या दिवशी ओपावर जाम उखडली. "ओपा, मी नर्स आहे की घोड्यांचा दलाल? तोंड उघडायला लावून दात काय बघायचे?"

"दात नको बघूस. जिभेखाली बघ."

"माझ्या आजीच्या वयाच्या बाया आहेत त्या. त्यांना म्हणू, आ करा?"

"म्हण. माझं नाव सांग. शिव्या मला बसू देत."

सोमवारपासून नियम सुरू झाला. मंगळवारी आकडे खाली आले. बुधवारी इतके सुरेख खाली आले, की रसुलोविच वॉर्डाच्या दारातच टाळी वाजवून म्हणाले, "दुकानवाल्या बाई जिंकल्या! हे तुमच्या संशोधनात ठळक घाला. माझं नावही घाला." नर्स हसल्या, मुहय्योही हसली. पण आनंद तिच्याकडे कधी एकटा येत नसे, मागून शंकेला बोट धरून आणायचाच. इतक्या झपाट्याने उतरावा? इतके दिवस हलला नाही आणि आता घसरगुंडी?

खिडकीजवळच्या खाटेवर इनोबत-बुवी होती. सगळा मोहल्ला तिला बुवी, म्हणजे आजीच म्हणायचा. मुहय्योच्याच गल्लीतली, सालोमतची बालमैत्रीण. आयुष्यभर लोकांच्या लग्नाच्या रजया शिवल्या. मुहय्योच्या लग्नातल्या रजयांचा टाकाही तिचाच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भेटायला येणारं माणूस म्हणजे एकटी सालोमत. त्या बुधवारी तिने मुहय्योचा हात धरून सांगितलं, "डोकं गरगरतंय गं जरा. उठले की भिंत चालायला लागते."

"वारा सुटलाय ना, बुवी," मुहय्यो म्हणाली. कोकंदच्या वसंतातला वारा धडधाकट माणसाचंही डोकं गरगरवतो, त्यामुळे तसं म्हणण्यात काही वावगं नव्हतं. पण बाहेर आल्यावर तिला स्वतःचंच उत्तर पटेना. ती परत गेली, बुवीचा दाब पुन्हा मोजला. आकडा चांगला होता. पुस्तकात शोभावा असा होता. मग ती गेली खरी, पण मन तिथेच घुटमळत राहिलं.

गुरुवारी तिला दुपारनंतर सुट्टी असायची. घरी आली तर सालोमत स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ओट्यावर मोठा निळा वाडगा, त्याच्याखाली घडी केलेलं फडकं.

"काय झालं, ओयी?" मुहय्योने विचारलं. सासूला ती ओयीच म्हणायची, आईला म्हणतात तसं.

"काय व्हायचं राहिलंय! न्हाण आल्यापासूनची मैत्रीण, आणि तिने माझा वाडगा रिकामा पाठवला. रविवारनंतर आज कुठे सवड झाली, दुपारी एवढी मरमर करून मटणभाताचा पातळ मस्तावा नेला तिच्यासाठी, वर दही, कोथिंबीर. खाल्ला. वाडगा धुतला, पुसला, फडक्यात बांधून हातात दिला आणि मान खाली घातली. रिकामा! मी काय घोडं मारलं तिचं?"

दुसऱ्याचा वाडगा रिकामा परत करायचा नाही, हे कोकंदच्या पोरींना चालता येण्याआधी कळतं. चार मनुका घाला, साखरेचा खडा घाला, पण काहीतरी घाला. मुहय्यो सासूची समजूत काढायला म्हणाली, "आजारी आहेत त्या. दवाखान्यात त्यांच्याजवळ द्यायला असणार काय? तुमचंच नान तुम्हाला परत देऊ का?"

"मग इतके दिवस होतं ते? एकदासुद्धा रिकामा आला नव्हता हो! तिची ऐपत ती काय, पण रीत कधी सोडली नाही. दर वेळी कागदाची पुडी असायचीच आत."

"पुडीत काय असायचं?"

"गोळ्या."

मुहय्योने खांद्यावरची पिशवी उतरवायला घेतली होती, ती तशीच राहिली. "कसल्या गोळ्या?"

"चांगल्या गोळ्या! दवाखान्यातल्या, सरकारी. तुमच्या दुकानातल्यासारख्या खडूच्या नव्हेत. म्हणायची, सालोमत, मला इथे पोटभर देतात, तू म्हातारी झालीस, तुलाही होतील. मी नको नको म्हणायची, पण दिलेलं परत कसं करणार?"

"ओयी, तुम्ही त्या घेतल्या?"

"एक घेतली बाई. काय झोप लागली म्हणून सांगू! उठून बसवेना."

"ती झोप नव्हे, ओयी! बीपी पडला होता तुमचा! बाकीच्या कुठायत?"

"वाटल्या. शिंप्याच्या बायकोची पाठ धरते, तिला दिल्या. कोपऱ्यावरच्या नानवाल्याच्या सासऱ्याला दिल्या. तो म्हणाला, गुडघ्याला गुण आला."

हे एरवी हसण्यासारखं होतं, आणि नंतर त्या गल्लीत लोक हसलेही. पण मुहय्यो हसली नाही. गुडघा, पाठ हे सगळं दूरच राहिलं. तिला दिसली ती खिडकीजवळची खाट. म्हणजे बुवी गोळ्या घेतच नव्हती. घेत नव्हती म्हणून दाब उतरत नव्हता. उतरत नव्हता म्हणून रसुलोविच डोस वाढवत होते. एकीच्या दोन केल्या, दोनाला जोड दिली, जोडही वाढवली. आणि ते सगळं वाडग्यातून मोहल्ल्यात जात होतं. इथवर कुणाचं फारसं बिघडलं नव्हतं. मग आली ही शहाणी, आणि तिने नर्सला समोर उभं करून ते सगळंच्या सगळं म्हातारीच्या गळ्याखाली उतरवलं. घोड्याचा डोस चिमणीच्या पोटात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर.

वाडगा आज रिकामा का आला, तेही कळलं. द्यायला गोळी उरलीच नव्हती.

"संध्याकाळचा डोस," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने घड्याळाकडे पाहिलं.

तिने वॉर्डाला फोन लावला. वाजत राहिला. गुलचेहराला लावला. वाजत राहिला. मग तिला आठवलं. गोळ्यांच्या वेळी फोन खणात, कुलपात. नियम तिचाच होता.

"ओयी, उठा, ओढणी घ्या. ज्यांना ज्यांना गोळ्या दिल्या त्यांच्या घरी जा आणि परत आणा. सगळ्या."

"दिलेली वस्तू परत मागू?" सालोमत ताठ झाली. "माझी जीभ झडेल, सूनबाई. या गल्लीत माझ्या सासूच्या सासूनेसुद्धा असलं केलं नाही."

"झडू दे जीभ!" मुहय्यो ओरडली. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. "तो म्हातारा मेला तर त्याच्या दारात कुठला वाडगा घेऊन जाणार आहात?"

सालोमतने सुनेकडे पाहिलं. खुंटीवरची ओढणी डोक्यावर घेतली आणि नानवाल्याच्या घराच्या दिशेने चालू पडली.

मुहय्योला रस्त्यावर छोटी दामास गाडी मिळाली, भाजीच्या पाट्यांनी भरलेली. ती पाट्यांमध्ये अंग चोरून बसली. ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. "कुणी आजारी आहे का, ओपा?" त्याने विचारलं. कालव्याच्या पुलावर एक मेंढ्यांचा कळप आडवा आला, आणि तो शहाणा गाडी थांबवून मेंढपाळाशी भाव बोलू लागला. मुहय्यो खाली उतरली आणि धावत सुटली. तिचं वय धावण्याचं नव्हतं, पायातल्या चपला धावण्याच्या नव्हत्या. एकच गोष्ट ती मनात घोकत होती, खिडकीजवळची खाट शेवटची आहे, गुलचेहरा दाराकडून सुरुवात करते, खिडकीपर्यंत पोचायला तिला वेळ लागेल.

वॉर्डात शिरली तेव्हा गुलचेहरा ट्रॉली घेऊन दाराजवळच्या खाटेपाशी उभी होती.

"थांब! कुणाला काही देऊ नकोस. अजून सुरुवातच ना?"

"सुरुवात कसली, संपलं की," गुलचेहरा म्हणाली. "ही शेवटची. आज खिडकीकडून सुरू केलं, बुवींना नमाजासाठी हातपाय धुवायला जायचं होतं म्हणून. सगळ्यात आधी त्यांनाच दिल्या. गिळल्या, तोंड उघडून बघितलं. तुमच्या नियमाप्रमाणे."

खाट रिकामी होती. रजई नीट घडी घातलेली, उशीवर सुरकुती नाही.

बुवी सापडली कॉरिडॉरच्या टोकाला, नळाजवळच्या बाकावर. नळ चालूच होता. ती भिंतीला टेकून बसली होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, ओठ पांढरे, कपाळ घामाने थंड. "पोरी, आज भिंत फारच चालतेय," एवढं बोलली आणि मान टाकली. मुहय्योने मनगट धरलं. ठोका लागला, मग पुढचा यायला इतका वेळ लागला की तिला वाटलं, आता येतच नाही. आला. मग पुन्हा ती वाट बघणं.

त्यांनी तिला उचलून खाटेवर आणलं, पाय उंच केले. रसुलोविच धावत आले. इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. दाब मोजला आणि त्यांचे कान पांढरे पडले; लाल होणारे कान पांढरे पडलेले वॉर्डाने प्रथमच पाहिले. मुहय्योने तिथेच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं. वाडगा, पुडी, मोहल्ला, सगळं.

"म्हणजे मी डोस वाढवत होतो तो कुणाचा?" रसुलोविच म्हणाले. "शिंप्याच्या बायकोचा?"

"हो."

"आणि सोमवारी तुम्ही सांगितलंत की गिळायला लावा."

"हो."

त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. तिला वाटत होतं त्यांनी बोलावं, ओरडावं, म्हणजे निदान त्याचं ओझं उतरेल. ते ओरडले नाहीत. सलाईनकडे बघत हळूच म्हणाले, "आताच्या गोळ्या घेऊन किती वेळ झाला?"

"अर्धा तास. फार तर," गुलचेहरा म्हणाली.

पुढचं बोलायची गरज रसुलोविच आणि मुहय्यो, दोघांनाही नव्हती. ही अवस्था झाली होती ती सकाळपर्यंतच्या गोळ्यांनी. संध्याकाळच्या गोळ्या पोटात होत्या, रक्तात उतरायच्या होत्या. त्या उतरल्या की हे थकलेलं हृदय आणखी हळू व्हायचं, आणि याहून हळू व्हायला आता जागा उरली नव्हती. मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावली, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली. हातात फक्त वाट पाहणं उरलं.

गुलचेहरा दाब मोजायचं यंत्र घेऊन बाकीच्या खाटांकडे वळली. "खरं सांगा हं," ती एकेकीला विचारत होती, "आधी गोळ्या घ्यायचात का?" बायका रजईची कड चाचपत बसल्या. आपल्याकडे वाडग्यात घालायला काही नाही, हे परक्यासमोर कबूल करण्यापेक्षा त्यांना बेशुद्ध पडणं परवडलं असतं.

मुहय्यो बुवीचं मनगट न सोडता म्हणाली, "माझ्या सासूच्या वाडग्यात येत होत्या गोळ्या. माझ्याच घरात. मी औषधतज्ज्ञ. मला पत्ता नव्हता."

बराच वेळ गेल्यावर शेजारच्या खाटेवरची दांडगी बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या सुनेच्या माहेरचे येतात. दर वेळी वाडगाभर सामसे आणतात. त्यांच्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणून..." पुढचं तिने गिळलं. मग समोरच्या खाटेवरून कुणी म्हणालं, मीही. मग आणखी एक. रसुलोविच एका रिकाम्या स्टुलावर बसले आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. ज्या ज्या बाईने कबूल केलं, तिचा संध्याकाळचा डोस पोटात होता. पण त्यांचं वय बुवीहून कमी होतं, दाब अजून बुवीइतका खाली नव्हता. त्यांना पडून राहायला सांगितलं, पाणी दिलं. बुवीचं तसं नव्हतं.

बाहेर अंधारू लागलं. मुहय्यो ठोके मोजत होती आणि मनात एकच हिशोब पुन्हा पुन्हा करत होती. आता गोळी विरघळली असेल. आता रक्तात गेली असेल. आता. माझ्या रजया हिने शिवल्या आणि मी हिला तोंड उघडायला लावलं. या मनगटात ठोका थांबला, तर मी या गल्लीत परत कशी जाणार? त्याहून वाईट, परत गेले आणि लोक काहीच बोलले नाहीत, तर?

रसुलोविचांनी दाब मोजला. होता तिथेच. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. किंचित वर.

"यंत्र बदला," ते म्हणाले.

दुसऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं. ठोके जवळ यायला लागले, ओठांवर रंग आला. हे व्हायला नको होतं. आता तर गोळ्यांचा जोर चढायचा होता, आणि म्हातारी उलट सावरत होती. मुहय्योला बरं वाटायला हवं होतं, पण तिला न समजणारं बरं वाटणंही भीतीदायकच वाटायचं.

बुवीने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग मुहय्योकडे. मग दुसऱ्या हाताने डोक्यावरच्या रुमालाचं टोक चाचपू लागली. तिथे छोटी गाठ होती. ती सोडायला बोटं चालेनात, म्हणून तिने ते टोक मुहय्योच्या हातात दिलं.

गाठीत गोळ्या होत्या. ओलसर, कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. संध्याकाळच्या. सगळ्या.

"बुवी," मुहय्यो म्हणाली. "तुम्ही गिळल्या नव्हत्या?"

बुवीने अपराध्यासारखी मान हलवली.

"पण मी तोंड उघडून बघितलं होतं!" गुलचेहरा रडवेली होऊन म्हणाली.

"बघितलंस की," बुवी क्षीण आवाजात म्हणाली. "पोर बघत बसली जिभेखाली. तोंडात एक दात नाही माझ्या, जागेला काय तोटा? वर हिरडीला चिकटवल्या." मग तिने मुहय्योचा हात जवळ ओढला. "रागावू नकोस. तीन दिवस सगळ्या गिळल्या, तुझं नाव सांगितलं म्हणून. पण आज सालोमतचा वाडगा रिकामा गेला गं. ती जाताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. माझं चित्तच लागेना. या तिला दे, म्हणावं दुपारच्या राहिल्या होत्या."

रसुलोविच पुढे झाले आणि त्यांनी गोळ्या घ्यायला हात पसरला. बुवीने मुहय्योच्या बोटांवर स्वतःची मूठ घट्ट मिटली. आत्ता कुठे ठोका सापडलेल्या त्या हाताला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"फेकू नका हो डॉक्टर," ती म्हणाली. "द्यायला माझ्याजवळ एवढंच आहे."

मुहय्योला रडू कोसळलं. मघापासून आवरलेलं, सगळ्या वॉर्डासमोर. म्हातारी जिवंत होती ती इंजेक्शनाने आणि सलाईनने जितकी, तितकीच नियम मोडल्याने. आणि रोज खाटेपाशी बसून मुहय्योने जे विचारलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं. गोळ्या घेता ना, हे ती शंभर प्रकारे विचारत आली होती. तुमच्याजवळ परत द्यायला काय आहे, असं तिने एकीलाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण या प्रश्नावर कोकंदच्या बाईला खोटं बोलता येत नाही, ती नुसती मान खाली घालते.

"यांचा खरा डोस किती?" रसुलोविचांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच विचारलं. "उद्यापासून काय लिहू?"

"माहीत नाही," मुहय्यो म्हणाली. "कुणाचाच माहीत नाही. सगळ्यांचं पहिल्यापासून, एकेका गोळीने."

मग तिने डोळे पुसले, गोळ्या स्वतःच्या रुमालात गाठ मारून बांधल्या आणि बुवीकडे वाकून म्हणाली, "पोचवते, बुवी. आत्ता घरी जाताना."